नेटवर्क मार्केटिंगमधील सदस्यगळती

नेटवर्क मार्केटिंगमधील सदस्यगळती म्हणजे बहुस्तरीय विपणन पद्धतीने चालणाऱ्या व्यवसायात दाखल झालेल्या विक्रेत्यांनी काही काळाने तो व्यवसाय सोडून देणे होय. हा निर्णय सहसा जाहीर केला जात नाही. सदस्य महिन्याची खरेदी थांबवतो, सभांना जाणे बंद करतो आणि पुढे नोंदणीचे नूतनीकरण करत नाही. गळतीची कारणमीमांसा हा वादाचा विषय आहे. व्यवसायातील वरिष्ठ विक्रेते सामान्यतः चिकाटीचा व मेहनतीचा अभाव हे कारण सांगतात, तर ग्राहक संरक्षणाशी संबंधित संस्था आणि अनेक अभ्यासक व्यवसायाच्या रचनेकडे, विशेषतः खर्च आणि उत्पन्न यांच्या प्रमाणाकडे, बोट दाखवतात.

संज्ञा आणि पार्श्वभूमी

नेटवर्क मार्केटिंगला बहुस्तरीय विपणन, मल्टिलेव्हल मार्केटिंग किंवा बोलीभाषेत चेन मार्केटिंग असेही म्हणतात. या पद्धतीत कंपनी आपला माल दुकानांऐवजी स्वतंत्र विक्रेत्यांमार्फत विकते. विक्रेत्याला स्वतः केलेल्या विक्रीवर कमिशन मिळते, तसेच त्याने व्यवसायात आणलेल्या माणसांच्या आणि त्या माणसांनी पुढे आणलेल्या माणसांच्या खरेदी-विक्रीवरही मिळते. ज्याच्यामार्फत सदस्य दाखल होतो त्याला ‘अपलाइन’ आणि सदस्याने आणलेल्या साखळीला ‘डाउनलाइन’ म्हणतात. दरमहा ठराविक रकमेची किंवा ठराविक गुणांची खरेदी केल्यासच बहुतेक योजनांत कमिशनचा पूर्ण हक्क टिकतो. त्याला ‘आयडी अ‍ॅक्टिव्ह ठेवणे’ असे म्हटले जाते.

या पद्धतीचा उगम अमेरिकेत झाला. न्यूट्रिलाइट या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या विक्रीसाठी १९४५ मध्ये आखलेली योजना ही तिच्या आद्य रूपांपैकी एक मानली जाते. न्यूट्रिलाइटचे विक्रेते असलेल्या रिच डेव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल यांनी १९५९ मध्ये मिशिगन राज्यात अ‍ॅमवे कंपनी स्थापन केली. भारतात आर्थिक उदारीकरणानंतर ही पद्धत पसरली. इंडियन डायरेक्ट सेलिंग असोसिएशन ही उद्योगसंघटना १९९६ मध्ये स्थापन झाली आणि अ‍ॅमवेने १९९८ मध्ये भारतात व्यवसाय सुरू केला. महाराष्ट्रात शहरांबरोबरच तालुक्याच्या गावांतही शिक्षक, बँक कर्मचारी, विमा प्रतिनिधी, निवृत्त नोकरदार आणि गृहिणी या व्यवसायाकडे वळल्याचे दिसते. ज्यांच्या ओळखी पुष्कळ आणि ज्यांच्या शब्दाला गावात किंमत, असे हे लोक. साखळी वाढवण्यासाठी नेमकी याच दोन गोष्टींची गरज असते.

आकडेवारी

किती सदस्य व्यवसाय सोडतात याचा एकत्रित व विश्वासार्ह आकडा मिळणे अवघड आहे. कंपन्या नव्या नोंदणीची संख्या ठळकपणे सांगतात, बाहेर पडलेल्यांची क्वचितच. त्यामुळे गळतीचा विचार बहुधा सदस्यांच्या उत्पन्नावरून केला जातो.

अमेरिकेतील एएआरपी फाउंडेशनने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, बहुस्तरीय विपणनात भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांनी तोटा झाल्याचे, २७ टक्क्यांनी ना नफा ना तोटा झाल्याचे आणि २५ टक्क्यांनी नफा झाल्याचे सांगितले. त्याच देशातील फेडरल ट्रेड कमिशन या व्यापार नियामक संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी २०२४ मध्ये ७० कंपन्यांच्या उत्पन्न विवरणपत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या विवरणपत्रांतील माहितीनुसार बहुसंख्य सदस्यांचे वार्षिक उत्पन्न १,००० डॉलर किंवा त्याहून कमी होते आणि किमान १७ कंपन्यांत बहुतेक सदस्यांना काहीच मिळाले नव्हते. बहुतेक विवरणपत्रांत सदस्याने केलेला खर्च वजा केलेला नव्हता. काही पत्रकांत तर शून्य किंवा अत्यल्प कमाई असलेल्यांना सरासरीतून वगळून आकडे मांडलेले होते.

कारणे

साखळीचे गणित

व्यवसायाची ओळख करून देणाऱ्या सभेत, म्हणजे ‘प्लॅन दाखवताना’, फळ्यावर एका वर्तुळाखाली सहा वर्तुळे आणि त्या प्रत्येकाखाली आणखी सहा अशी आकृती काढण्याची पद्धत आहे. ही आकृती शेवटपर्यंत नेली तर दहाव्या पायरीवर ६,०४,६६,१७६ आणि अकराव्या पायरीवर ३६,२७,९७,०५६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांच्या आसपास होती. म्हणजे अकरावी पायरी भरण्यासाठी तान्ह्या बाळांसह तीन महाराष्ट्र पुरणार नाहीत. तेराव्या पायरीवर लागणारी संख्या जगाच्या लोकसंख्येपेक्षा अधिक आहे.

प्रत्यक्षात कोणतीही साखळी इतकी लांबत नाही, ती फार आधी थांबते. त्यामुळे या उदाहरणाला अतिशयोक्ती म्हटले जाते. मात्र याच आकृतीतून निघणारी दुसरी गोष्ट साखळी कोठेही थांबली तरी खरी राहते. प्रत्येकाने सहा माणसे आणली असे मानल्यास कोणत्याही क्षणी एकूण सदस्यांपैकी सुमारे ८३ टक्के सदस्य सर्वांत खालच्या पायरीवर असतात आणि त्यांच्याखाली कोणीच नसते. शेवटच्या दोन पायऱ्या मिळून हे प्रमाण ९७ टक्क्यांवर जाते. प्रत्येकाने दोनच माणसे आणायची अशा ‘बायनरी’ योजनेतही निम्मे सदस्य तळाशीच राहतात. तळाच्या सदस्यांनी कितीही मेहनत घेतली आणि त्यातील काही वर सरकले, तरी त्यांच्याखाली नवा आणि आधीपेक्षा मोठा तळ तयार झालेला असतो. साखळीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या व्यवसायात बहुसंख्य सदस्य साखळीविना असणे हा अपघात नाही, तो आकृतीचाच गुणधर्म आहे.

खर्च आणि उत्पन्न

योजनांचे तपशील वेगवेगळे असले तरी फरकावर आधारित कमिशनची पद्धत पुष्कळ ठिकाणी आढळते. तिचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणावरून समजतो. समजा, एक सदस्य दरमहा ३,००० रुपयांचा माल घेतो आणि त्याने आणलेले चौघेही तेवढाच घेतात. गटाची एकूण खरेदी १५,००० रुपये होते. या खरेदीवर ९ टक्के आणि एकट्याच्या ३,००० रुपयांवर ३ टक्के असा दर असेल, तर गटाचे कमिशन १,३५० रुपये होते. त्यातून चौघांचे प्रत्येकी ९० रुपये गेल्यावर सदस्याला ९९० रुपये उरतात. त्याने घेतलेला साबण, दंतमंजन आणि पोषणपूड यांना बाजारात पर्याय २,००० रुपयांत मिळत असतील, तर वरचे १,००० रुपये त्याने आधीच अधिक मोजलेले आहेत. चार माणसे यशस्वीपणे जोडूनही तो दहा रुपयांनी मागे असतो. प्रवासाचे भाडे, फोन, चहापाणी आणि सेमिनारचे शुल्क यांचा हिशेब अजून व्हायचा असतो.

आता या चौघांपैकी एक जण थांबला असे मानू. गटाची खरेदी १२,००० रुपयांवर येते. तेथे दर ६ टक्के असेल तर कमिशन ७२० रुपये होते आणि उरलेल्या तिघांचे २७० रुपये वजा जाऊन सदस्याच्या हाती ४५० रुपये राहतात. म्हणजे चारांतील एकाच्या जाण्याने उत्पन्न निम्म्याहून खाली येते. असा सदस्य दोन-तीन महिने स्वतः जास्त माल घेऊन गुणांची तूट भरून काढतो आणि मग तोही थांबतो, की त्याच्या वरच्या माणसाचा गट तुटतो. गळती अशी खालून वर चढत जाते. वरच्या पायऱ्यांवरील सदस्यांना सतत नव्या नोंदणीमागे धावावे लागते ते मुख्यतः यामुळे. त्यांची ‘एकदा उभी करून आयुष्यभर मिळणारी’ मिळकत प्रत्यक्षात दरमहा गळणाऱ्या हौदासारखी असते.

उत्पन्नापेक्षा खर्च जास्त असण्याची अवस्था केवळ नवख्यांपुरती नसते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९८२ मध्ये अ‍ॅमवेविरुद्ध केलेल्या दाव्याच्या वेळी त्या राज्यातील वरच्या श्रेणीच्या विक्रेत्यांची प्राप्तिकर विवरणपत्रे तपासण्यात आली, तेव्हा खर्च वजा जाता या गटाला सरासरी तोटाच असल्याचे दिसले. पुस्तके, ध्वनिफिती, सभांची तिकिटे या ‘प्रशिक्षण साहित्या’ची विक्री हा खर्चाचा स्वतंत्र भाग आहे. काही वरिष्ठ विक्रेत्यांना मालापेक्षा या साहित्यातूनच अधिक प्राप्ती होते, असा आक्षेप अमेरिकेतील न्यायालयीन दाव्यांतून घेतला गेला. महागडा माल आणि हे साहित्य यांविषयी २००७ मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झालेल्या सामूहिक दाव्यात अ‍ॅमवेने २०१० मध्ये सुमारे ५.६ कोटी डॉलरची तडजोड केली.

ओळखीचे वर्तुळ

दाखल होताना नव्या सदस्याला परिचितांची यादी करायला सांगितले जाते. पहिल्या काही महिन्यांतील विक्री आणि जोडणी प्रामुख्याने याच यादीतून होते: भाऊबंद, सासरची माणसे, शाळेतील सहकारी, भिशीतल्या मैत्रिणी. हे गिऱ्हाईक वस्तूच्या गरजेने आलेले नसते, भिडेने आलेले असते. भिडेची खरेदी एकदा-दोनदा होते, दरमहा होत नाही. यादी संपल्यावर अनोळखी माणसांकडे जावे लागते आणि तेथे किमतीची तुलना थेट किराणा दुकानाशी किंवा ऑनलाइन विक्रीशी होते. बहुतेक सदस्यांचा उत्साह याच टप्प्यावर ओसरतो.

शिवाय छोट्या गावात एकाच यादीतील माणसे अनेकांच्या यादीत असतात. निमशहरी वस्तीत वीस-पंचवीस सदस्य झाले की नवा श्रोता मिळणे कठीण होते. लग्नसमारंभात किंवा हळदीकुंकवाला गेलेला सदस्य गप्पांचा ओघ ‘एक चांगली संधी’ या वाक्याकडे वळवू लागला की लोक त्याला टाळू लागतात. अशी आर्थिक नसलेली हानी उत्पन्नाच्या कोणत्याही विवरणपत्रात येत नाही. तरीही व्यवसाय सोडण्यामागे पैशापेक्षा हीच गोष्ट निर्णायक ठरल्याचे अनेकदा दिसते.

अपेक्षा आणि ओळख

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ निकोल वूल्सी बिगर्ट यांनी १९८९ मधील आपल्या ग्रंथात थेट विक्रीच्या संघटना नेहमीच्या कार्यालयीन शिस्तीऐवजी श्रद्धा, कुटुंबभावना आणि नेत्याचा प्रभाव यांच्या बळावर कशा चालतात याचे विवेचन केले आहे. संघटनाशास्त्राचे अभ्यासक मायकेल प्रॅट यांचा अ‍ॅमवेच्या विक्रेत्यांविषयीचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते ‘स्वप्न उभारणी’ची प्रक्रिया आधी माणसाला स्वतःच्या सध्याच्या स्थितीविषयी असमाधानी करते आणि मग ती पोकळी भरण्यासाठी संघटनेने दिलेला अर्थ पुरवते. हे दोन्ही टप्पे जुळले तर सदस्य संघटनेशी घट्ट बांधला जातो. एखादा फसला तर तो दुरावतो किंवा द्विधा अवस्थेत राहतो. गळतीच्या दृष्टीने हा तिसरा गट महत्त्वाचा आहे. असे सदस्य खरेदी थांबवतात, पण ‘पुन्हा सुरू करायचे आहे’ असे वर्षानुवर्षे म्हणत राहतात.

दोषाचे स्पष्टीकरण

व्यवसायातील प्रचलित समजुतीनुसार योजना सर्वांसाठी सारखीच असते. ज्याला यश येत नाही त्याने ती नीट राबवली नाही. शंका विचारणाऱ्याला ‘नकारात्मक’ ठरवले जाते आणि नकारात्मक माणसांपासून, प्रसंगी घरच्यांपासूनही, दूर राहण्याचा सल्ला दिला जातो. सोडून जाणाऱ्यांची उदाहरणे सभांमध्ये इशारा म्हणून सांगितली जातात. व्यासपीठावर मात्र टिकून राहिलेलेच उभे असतात. त्यांच्याइतकीच मेहनत करून बाहेर पडलेले कितीतरी जण त्या सभागृहात नसतात. त्यामुळे चिकाटी आणि यश यांचा संबंध प्रत्यक्षाहून अधिक घट्ट भासतो.

या स्पष्टीकरणाचा परिणाम बाहेर पडल्यावरही टिकतो. अपयश आपलेच, अशी खात्री झालेला माणूस तक्रार करत नाही. त्याने स्वतः आपल्या मेहुण्याला किंवा शेजाऱ्याला या व्यवसायात आणलेले असते आणि त्यांचेही पैसे गेलेले असतात. तक्रार करायची म्हणजे त्यांच्यासमोर ते मान्य करायचे. त्याचा अपलाइन बहुधा नात्यातला किंवा परिचयातला असतो, त्यामुळे तक्रार कोणाविरुद्ध करायची हाही प्रश्न उरतोच. गळती प्रचंड असूनही ती सार्वजनिक चर्चेत येत नाही, याचे हे एक प्रमुख कारण मानता येईल.

कायदा आणि बाहेर पडणाऱ्यांचे हक्क

वैध बहुस्तरीय विपणन आणि अवैध पिरॅमिड योजना यांत फरक करण्याचा प्रश्न अमेरिकेत १९७० च्या दशकात पुढे आला. १९७५ मधील कॉस्कॉट इंटरप्लॅनेटरी प्रकरणात फेडरल ट्रेड कमिशनने पिरॅमिड योजनेची कसोटी सांगितली: माल विकण्याच्या हक्काबरोबरच, अंतिम ग्राहकाला होणाऱ्या विक्रीशी संबंध नसलेला, नवी माणसे भरती केल्याचा मोबदला मिळवण्याचा हक्क पैसे देऊन विकत घेणे. १९७९ च्या निर्णयात अ‍ॅमवेची योजना पिरॅमिड नसल्याचे कमिशनने म्हटले. सोडून जाणाऱ्यांकडून माल परत घेण्याचा, बहुतांश माल विकल्याशिवाय नवा न घेण्याचा आणि दरमहा दहा किरकोळ ग्राहकांना विक्री दाखवण्याचा असे कंपनीचे नियम त्यासाठी विचारात घेतले गेले. त्याच निर्णयात कंपनीने किमती ठरवून दिल्याचे आणि उत्पन्नाविषयी दिशाभूल करणारे दावे केल्याचेही नमूद होते. पुढे २०१६ मध्ये हर्बालाइफने कमिशनशी २० कोटी डॉलरची तडजोड करून आपली मोबदला पद्धत बदलण्याचे मान्य केले.

भारतात १९७८ च्या बक्षीस चिठ्ठ्या व धन परिचलन योजना बंदी अधिनियमाचा आधार घेतला जातो. सदस्यांच्या भरतीवर अवलंबून असलेल्या जलद पैशाच्या योजना या कायद्याने निषिद्ध आहेत. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ मध्ये अ‍ॅमवेची योजना प्रथमदर्शनी या कायद्याच्या कक्षेत येत असल्याचे मत दिले. कंपनीच्या भारतातील तत्कालीन प्रमुखांना २०१३ मध्ये केरळ पोलिसांनी आणि २०१४ मध्ये आंध्र प्रदेश पोलिसांनी अटक केली होती. एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने कंपनीची ७५७.७७ कोटी रुपयांची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. कंपनीने आपण कायद्याचे पालन करत असल्याची भूमिका घेतली आहे.

या कायद्याच्या कलम ३ मधील एक तरतूद बाहेर पडणाऱ्यांच्या दृष्टीने लक्षणीय आहे. योजना चालवण्याबरोबरच तिच्यात सदस्य म्हणून नाव नोंदवणे किंवा भाग घेणे यांनाही त्यात मनाई आहे. ज्याने स्वतः चार माणसे जोडली तो तक्रारदार म्हणून पोलीस ठाण्यात जाण्यास कचरतो, त्यामागे केवळ संकोच नसतो.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये थेट विक्रीविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अंतर्गत डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम लागू केले. या नियमांनुसार थेट विक्रीच्या नावाखाली पिरॅमिड योजना किंवा धन परिचलन योजना चालवण्यास बंदी आहे. देखरेखीची यंत्रणा उभारण्याची जबाबदारी राज्य सरकारांवर सोपवण्यात आली आहे. मार्गदर्शक तत्त्वांत प्रवेश शुल्क आकारण्यास मनाई, करार विनादंड रद्द करण्यासाठी विचारमुदत आणि वाजवी अटींवर माल परत घेण्याची हमी यांचा समावेश होता. मात्र माल परत करण्याची सोय सामान्यतः विक्रीयोग्य स्थितीतील मालापुरती असते. सोडण्याचा निर्णय बहुतेक जण अनेक महिन्यांनी घेतात. तोपर्यंत विचारमुदत उलटलेली असते आणि कपाटातील डब्यांचे सील फुटलेले किंवा वापराची मुदत संपत आलेली असते. ग्राहक आयोगाकडे दाद मागतानाही, पुनर्विक्रीसाठी माल घेणारा ‘ग्राहक’ ठरतो का, असा मुद्दा उपस्थित होऊ शकतो. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेल्या खरेदीला कायद्यात अपवाद आहे. ठेवीच्या स्वरूपात पैसे घेतले गेले असल्यास महाराष्ट्रात १९९९ च्या ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियमाचा मार्ग उपलब्ध असतो.

उद्योगाची भूमिका

थेट विक्री उद्योगाच्या मते सदस्यगळतीला अपयश म्हणणे चुकीचे आहे. अनेक जण केवळ सवलतीच्या दरात वस्तू मिळाव्यात म्हणून नोंदणी करतात, काही सणासुदीच्या खर्चापुरती तात्पुरती कमाई करून थांबतात, आणि भांडवल कमी लागत असल्याने प्रयोग करून पाहण्याची मुभा या व्यवसायात अधिक आहे, असे सांगितले जाते. लहान दुकानेही मोठ्या संख्येने बंद पडतात, असा दाखलाही दिला जातो. यातील पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. स्वतःच्या वापरासाठी नोंदणी करणारा आणि व्यवसाय म्हणून येणारा असे दोन गट वेगळे न मोजल्यास तळाच्या सदस्यांचे चित्र धूसर होते. मात्र हेच वर्गीकरण भरतीच्या सभेत सहसा ऐकवले जात नाही. तेथे येणाऱ्या प्रत्येकाला मासिक धनादेश, परदेशवारी आणि रत्नांच्या नावांच्या पदव्या दाखवल्या जातात. तो ‘सवलतीचा ग्राहक’ होता, हे त्याने सोडल्यानंतर ठरते. दुकानाशी केलेल्या तुलनेतही एक फरक राहतो. बंद पडलेल्या दुकानदाराने आपल्या गिऱ्हाइकांना शेजारी तसलेच दुकान टाकायला लावलेले नसते.